पिनीचं दर्शन

"ये... ये... येऊ दे... अजून येऊ दे..."

घरत मागं उभा राहून हात हलवत होता आणि मी आरशात बघत घोडा मागं घेत होतो. घोडा म्हणजे ट्रेलरचं पुढचं इंजिन आणि केबिन. आम्ही ड्रायव्हर लोक त्याला घोडाच म्हणतो. माल भरलेला ट्रेलर यार्डात आपल्या दोन लोखंडी पायांवर उभा असतो आणि घोडा उलटा सरकत त्याच्या तोंडाखाली शिरतो. घोड्याच्या पाठीवर ग्रीस फासलेली जाड प्लेट असते, त्या प्लेटीत जबडा. ट्रेलरच्या पोटाला मनगटाएवढी पीन. पीन जबड्यात गेली की जबडा मिटतो आणि खट् असा आवाज येतो. मग समजायचं, सोयरीक जमली.

आला, खट् आवाज आला. मला केबिनमध्ये बसून ऐकू आला.

"बसली!" घरत ओरडला. "दे झटका!"

मी पहिला गिअर टाकून घोडा जरासा पुढं ओढला. ट्रेलर पाठोपाठ आला. आवाज झाला, झटका बसला, कुणीही म्हणलं असतं की गाडी जुळली.

"झाला! आता सूट! वेल किती झाला बघ, गारी कवा भायेर काढशील?" घरत ट्रेलरच्या डाव्या बाजूला पळाला. पाय वर घ्यायचं हँडल त्या बाजूला असतं.

हा घरत म्हणजे नारायण घरत, आमच्या यार्डाचा सुपरवायझर. उरणकडचाच आगरी माणूस. कायम पांढरी पँट, पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी मोडलेली मी कधी पाहिली नाही. ग्रीस, चिखल, डिझेलच्या त्या दुनियेत हा माणूस पांढराशुभ्र कसा राहतो याचं आम्हाला नवल वाटायचं. मला नवल कमी आणि राग जास्त. कारण ह्याच्या तोंडात कायम एकच शब्द, कटऑफ. जहाजावर कंटेनर चढवायची वेळ ठरलेली असते. ती टळली की कंटेनर मागं राहतो आणि वरच्यांच्या शिव्या घरतला खाव्या लागतात. म्हणून घरत आम्हाला पळवायचा. ज्याचं जळतं त्याला कळतं हे खरं, पण ह्याचं कायमच जळत असायचं.

त्या दिवशी सकाळीच आमची जुंपली होती. मी म्हणलं, "जेवण तरी करू द्या," तर हा म्हणाला, "जेवन काय पलून जातंय?" मी अंगावर धावून गेलो. माझ्या नाकावर राग, तो आजही आहे, तेव्हा तर तरणा होतो. आश्रुबादादा मध्ये पडले नसते तर त्या पांढऱ्या शर्टाच्या चिंध्या झाल्या असत्या.

आश्रुबा सानप माझे साडू. माझी बायको गवळण आणि त्यांची केसरआक्का सख्ख्या बहिणी, आक्का थोरली. मला पाथर्डीकडच्या डोंगरातून काढून ह्या धंद्यात आणलं ते दादांनीच. स्टेअरिंग त्यांनी शिकवलं, माणसांत वागायलाही त्यांनीच शिकवलं. पहिलं आलं, दुसरं अर्धवट राहिलं. मला बाजूला ओढून ते म्हणाले होते, "सुदाम, तुझा राग तुझ्या आधी गाडीतून उतरतोय. कुणाला तरी खाईल तो एखाद्या दिवशी."

"ह्या घरतला खाल्ला तर पुण्य लागंल, दादा."

"गप. त्यालाबी लेकरंबाळं हायेत."

दादांची एक सवय सगळ्या यार्डाला ठाऊक होती. गाडी कुणाचीही असो, जोडली की ते टॉर्च घेऊन घोड्याच्या पाठीवर आडवे व्हायचे, मुंडकं आत घालायचे आणि पीन जबड्यात बसली का ते डोळ्यांनी बघायचे. भर दुपारीसुद्धा टॉर्च, कारण आत अंधारच असतो. मग जबड्याला हात लावायचा आणि तोच ग्रीसचा हात कपाळाला. कपाळावर काळं बोट उठायचं. पोरं म्हणायची, "आश्रुबादादा पिनीच्या दर्शनाला गेले, आता नारळ फोडूनच येतील." दादा हसायचे. "आवाजावर जाऊ नका रे. कान आणि डोळा यांच्यात चार बोटांचं अंतर असतंय. आणि झटक्यावरबी जाऊ नका. वीस-पंचवीस टन माल नुसता प्लेटीवर बसला तरी वजनानं मागं मागं येतोय. बघितल्याबिगर पाय उचलायचे नाहीत."

म्हणजे कायदा एवढाच होता. आधी दर्शन, मग पाय.

तर त्या दुपारी दादा गेटवर आमची पावती घ्यायला गेले होते. मी म्हणलं होतं की दादा येईस्तोवर थांबू. घरत म्हणाला, "आश्रुबा काय पीन घेऊन जन्माला आला काय? मी हाय ना मागं." मागं उभं राहणाऱ्याचं काम नुसतं 'ये ये' करणं नसतं, ट्रेलरचं तोंड किती उंच आहे तेही त्यानंच बघायचं असतं. केबिनमध्ये बसलेल्याला आरशात कंटेनरची कड दिसते, पोट दिसत नाही.

आणि त्या ट्रेलरचं तोंड उंच होतं. आमचं यार्ड खाडी बुजवून केलेलं. वर मुरूम, खाली सगळा गाळ. भरल्या ट्रेलरचा पाय नुसत्या जमिनीवर टेकवला की चाकूसारखा आत जातो, म्हणून पायाखाली जाड फळ्या द्यायची आमच्याकडे रीत. एक फळी द्यायची. ज्यानं तो ट्रेलर आदल्या पाळीत उभा केला, त्यानं एक धसंल म्हणून दोन दिल्या. आणि नेमकी एकही धसली नाही. त्यामुळं ट्रेलर चार बोटं उंच राहिला, माझा घोडा खाली शिरला, जबडा रिकामाच मिटला आणि पीन मिटलेल्या जबड्याच्या वर जाऊन बसली. खट् आवाज झाला तो रिकाम्या जबड्याचा. ट्रेलर पाठोपाठ आला तो नुसत्या वजनानं. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की गेटकडून दादा हातात पावती घेऊन पळत येताहेत.

"थांब रे! पाय उचलू नका, दर्शन राह्यलंय!"

"दादा, जमलीय," मी खिडकीतून म्हणलं.

"जमली असंल तर बरंच हाय की. बघायला काय जातंय?" पावती माझ्या हातात कोंबून त्यांनी खिशातून टॉर्च काढला. माझ्याच बाजूनं, उजवीकडून, घोड्याच्या मागच्या टायरवर पाय देऊन ते पाठीवर आडवे झाले आणि त्यांनी मुंडकं आत घातलं. आरशात मला त्यांचे पाय दिसत होते. एका पायातली चप्पल निसटून खाली पडली.

आणि त्याच वेळेला डाव्या बाजूनं हँडलचा आवाज यायला लागला, करकर करकर.

"घरत!" मी ओरडलो. "पाय उचलू नको, दादा आत हायेत!"

इंजिन चालू, शेजारी कुठंतरी रिव्हर्सची पीं-पीं. त्याला ऐकू गेलं की नाही देव जाणे. आतून दादांचा आवाज आला, "अरे पीन वर हाय! वर हाय पीन! खाली सोड पाय, खाली..."

मग घोडा खालून कुणीतरी लाथ मारल्यासारखा हादरला. माझं डोकं टपाला आपटलं. ट्रेलरचे पाय फळीवरून सुटले, सगळं वजन त्या पिनीवर आलं, पीन जबड्यावरून घसरली आणि ट्रेलरचं तोंड मागं सरकून घोड्याच्या पाठीवर बसलं. दादांच्या छातीवर बसलं.

मी दार उघडून मागं वाकून पाहिलं. दादा उताणे पडले होते. छातीपासून वरचा भाग आत, खालचा बाहेर. ओरडत नव्हते, हे जास्त वाईट होतं. पाय जरा जरा हलत होते, झोपेत हलतात तसे.

"दादा! दादा, बोला!"

"हाय..." आतून आवाज आला. "हाय मी."

यार्ड गोळा व्हायला काय वेळ लागतो? ड्रायव्हर, हमाल, गेटवरचा वॉचमन, सगळे धावले. आणि सगळे माझ्याच बाजूला, कारण दादांचे पाय ह्या बाजूला. कंटेनर उचलायची मोठी मशीन सकाळपासून पार पलीकडच्या टोकाला लावलेली. तिला आणायला कुणीतरी पळालं. पण ती हत्तीच्या चालीनं येणार, आणि मध्ये गाड्यांची ही रांग.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "सुदाम, घोडा पुढं घे! पुढं घे म्हणजे सुटंल!"

आणि ते बरोबर होतं. मलाही तेच दिसत होतं. दादा घोड्याच्या पाठीवर पडलेले. घोडा पुढं काढला की दादा घोड्याबरोबर बाहेर येणार आणि ट्रेलरचं तोंड मागं जमिनीवर आपटणार. आपटेना का! कंटेनर फुटेना का, मालकाचं वाटोळं होईना का, मला काय त्याचं? मी उडी मारून परत सीटवर बसलो आणि गिअर टाकला.

"दादा, पुढं घेतो! दम धरा!"

"हलू नको."

आवाज बारीक होता, पण मागच्या खिडकीतून मला स्पष्ट ऐकू आला.

"दादा, पुढं घेतलं की सुटता तुमी! बारकंसं ओढतो!"

"नाय. हलू नको, सुदाम."

"पुढं घे रे!" बाहेरून दहा तोंडं. "बघत काय बसलायस? माणूस मरंल!"

"दादा, का नको? सांगा तरी!"

दादा श्वास गोळा करत असावेत. मग एकेक शब्द आला. "हलू नको... तुला केसरची शपथ हाय."

केसरची शपथ. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीची. ज्या माणसानं माझ्यासमोर कधी देवाचीही शपथ घेतली नव्हती, त्यानं बायकोची घातली. मी गिअर काढला. खाली लोक मला आईबहिणीवरून शिव्या घालत होते. एकानं दार उघडून मला ओढायला सुरुवात केली, त्याला मी लाथ घातली. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून मी बसलो आणि रडलो. हो, रडलो, त्यात लाजायचं काय?

मग डाव्या बाजूनं पुन्हा हँडलची करकर सुरू झाली. कुणीतरी पाय खाली सोडत होतं. मला वाटलं, झालं, आता नुसता पाय गाळात जाणार. पण ट्रेलर हळूहळू, केसाकेसानं वर यायला लागला. जड माणूस गुडघ्यावर हात देऊन उठतो तसा. दादांच्या अंगावरचं ओझं सुटलं आणि पोरांनी त्यांना ओढून काढलं.

मोठी मशीन तोवर निम्म्या वाटेवरही आली नव्हती.

जीपमध्ये दादांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अंगावर फारसं रक्त नव्हतं. ओठ निळे पडलेले. कपाळावर मात्र ते काळं बोट उठलेलं नव्हतं. दर्शन अर्धंच राहिलं होतं ना. खड्ड्यातून जीप उसळली तसे त्यांनी डोळे उघडले.

"घरत कुठाय?"

माझं डोकं तडकलं. मरणाच्या दारातसुद्धा ह्यांना त्याचंच नाव! मला वाटलं, शिव्या द्यायला विचारताहेत. "त्याचं नाव नका काढू, दादा."

"हाय ना?"

"हाय की. त्याला काय धाड भरलीय? मागच्या गाडीत बसून येतोय."

"बरं," दादा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं ग्लानी आली. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी जीपमध्येच चढून हात बघितला आणि मान हलवली.

घरत मागनं उतरला. डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलेला. पांढरा शर्ट काळा झालेला, एक बाही फाटून लोंबत होती, कोपर सोललेलं. मला वाटलं, पळताना पडला असंल भेकड. मी त्याच्या थोबाडीत दिली, मग दुसरी दिली. त्यानं हात वर केला नाही. लोकांनी मला धरलं म्हणून तो त्या दिवशी वाचला, असं मी पुढं बरेच दिवस सांगत फिरत होतो.

पंचनाम्यात अपघात असं लिहिलं गेलं. पण पंचनामा काय लिहितो आणि गाव काय बोलतं, यात फरक असतो. दादांना घेऊन आम्ही गावाकडं गेलो तर आमच्या आधी बातमी पोचली होती. यार्डातली निम्मी पोरं आमच्याच भागातली. 'सगळे पुढं घे, पुढं घे ओरडत होते, आणि सुदाम नुसता बसून राहिला.' खोटं काय होतं त्यात? बसूनच राहिलो होतो.

केसरआक्कानं मला एकदाच विचारलं, मयताच्या तिसऱ्या दिवशी. "लोक म्हणत्यात, घोडा पुढं घेतला असता तर माणूस वाचला असता. खरं हाय?"

"खरं हाय, आक्का. पण दादांनी तुमची शपथ घातली."

"माझी?" तिचे डोळे कोरडे होते. "माझी शपथ घालून मरतील व्हय ते? कशापायी?"

"ते नाही सांगितलं."

"मग सुदामराव, तुमी भ्यालात म्हणा. भ्यालात तर भ्यालात. माझ्या नावावर घालू नका."

त्यानंतर आक्का माझ्याशी बोलली नाही. त्यांच्या घरी गेलो तर आत निघून जायची. जेवायची वेळ झाली तर माझं ताट गवळण वाढायची; आक्कानं माझ्या ताटात भाकरी घातली नाही. गवळण मध्ये पिचत होती, इकडं नवरा, तिकडं आईच्या जागी असलेली बहीण. एकदा रात्री भांडता भांडता तीही बोलून गेली, "शपथ मोडल्यानं काय आभाळ कोसळणार होतं का?" मी त्या दिवशी घरातून निघालो आणि महिनाभर परतलो नाही.

मलाही तेच कळत नव्हतं ना! शपथ कशापायी? दादांनी मरण मागून घेतलं असं म्हणावं, तर त्यांना कशाचं दुःख नव्हतं. डोकं फिरलं होतं म्हणावं, तर आवाज शुद्धीतला होता. गाडी चालवताना मागच्या खिडकीतून मला तो आवाज यायचा. हलू नको, सुदाम.

वर्षश्राद्धाला आम्ही सगळे दादांच्या घरी जमलो होतो. पान वाढून झालं, कावळा शिवला, भावकीची पंगत उठली. अंगणात मोजकीच माणसं राहिली होती. तेवढ्यात पांदीनं एक माणूस चालत येताना दिसला. पांढरी पँट, पांढरा शर्ट, प्रवासानं चुरगळलेला, हातात पिशवी. एसटीतून उतरून डोंगराची वाट विचारत विचारत आला होता.

मी उठलो. गवळणनं माझा हात धरला. "आजच्या दिवशी नको. तुम्हाला माझ्या..." आणि ती थांबली. शपथ घालायची आमच्या घरात कुणाची छातीच होत नव्हती.

घरत अंगणाच्या कडेला चपला काढून उभा राहिला. "आश्रुबाची घरवाली कंची?"

"मी," आक्का म्हणाली. "तुमी कोण?"

"नारान घरत. त्याच यार्डातला."

आक्कानं पदर सावरला. पाय कुणी उचलले हे तिला माहीत होतं. तिनं बस म्हणलं नाही, जा म्हणलं नाही.

"मी बोलाया आलोय," घरत म्हणाला. "वरीस झाला, मना झोप नाय. ट्रेलरचे पाय मी उचलले. आश्रुबा आत मुंडी घालतो ते मना म्हाईत व्हता. मना वाटला, तो भायेर निघंल तवर माझे पाय वर व्हतील. तेवराच वेल वाचंल." हातातली पिशवी त्यानं खाली ठेवली. "ते तुमाला म्हाईतच आसंल. दुसरा आहे ते कुनाला म्हाईत नाय."

"काय दुसरं?" मी म्हणलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. आक्काकडेच बघत राहिला. "ट्रेलर मागं सरकून बसला, पाय फलीवरून हटले, तसा मी दुसरी फली घेतली आनी आत शिरलो. डावीकरून. फली लावल्याबिगर पाय गाळात जानार, ते मना ठाव. दोन हमालांना सांगितला, मी हाक मारली का हँडल फिरवा. मागनं त्यांनाबी मीच गप राहाया सांगितला. मी ट्रेलरच्या पोटाखाली पालथा झालो, चिखलात. वर तोंड केला तर आश्रुबाचा तोंड माझ्या समोर. हातभर लांब. तो मना बघत व्हता."

आक्का एक पाऊल पुढं आली.

"मी म्हनलो, दादा, फली लावतो, दम धर. त्यानं डोल्यांनी हो म्हनला. तवाच भायेर बोंब झाली, पुरं घे, पुरं घे. गिअर पडला तो मना ऐकू आला. घोडा पुरं गेला आसता तर ट्रेलरचा तोंड माझ्या पाठीवर पडनार व्हता. मना भायेर निंगाया जागाच नव्हती. मी ओरडायचा म्हनला तर तोंडातून आवाज नाय. आनी आश्रुबानं मना बघत बघत सांगितला, हलू नको. दोनदा सांगितला. मंग तुमची शपथ घातली."

घरत तिथंच मातीत खाली बसला. पांढऱ्या पँटीनिशी बसला.

मला जीप आठवली. घरत कुठाय? हाय ना? बरं. मी वर्षभर समजत होतो की मरताना दादांच्या तोंडात त्याच्यासाठी शिवी होती.

"वरीसभर का नाही बोललास?" मी ओरडलो. "मला लोकांनी भेकड म्हणलं, माझ्या घरात... आणि तू गप बसलास?"

"कसा बोलू?" घरत म्हणाला. "ज्यानं पाय उचलले तोच वाचला, ह्यो कोन्च्या तोंडानं सांगू?"

मी त्याच्यावर धावलो असतो. मी पाय उचललाही होता. पण आक्का मध्ये आली. तिनं घरतला विचारलं, "तुमी व्हता म्हणून थांबवलं त्येंनी? तुमी दिसला म्हणून?"

"हो."

"बरं," आक्का म्हणाली. अगदी दादांसारखंच म्हणाली.

मग ती माझ्याकडं वळली. एक वर्षानं तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"सुदामराव, एक विचारू? खरं सांगा. त्येंनी तवा सांगितलं असतं, की खाली घरत हाय म्हणून, तर तुमी थांबला असता?"

सकाळीच ज्याच्या अंगावर धावून गेलो होतो तो घरत. ज्यानं पाय उचलले तो घरत. आणि दुसऱ्या बाजूला माझे दादा. मी थांबलो असतो म्हणायला तोंड उघडलं. गवळण माझ्याकडं बघत होती, घरतही बघत होता. मी ते तसंच मिटलं.

"नसता थांबला," आक्का म्हणाली. "त्येंनीच तुमाला हाताखाली घेऊन शिकवलंय. त्येंना ठाव व्हतं. म्हणून तर माझी शपथ घातली, कारण नाही सांगितलं."

एवढं बोलून तिला पहिल्यांदा रडू आलं. मयताच्या दिवशी आलं नव्हतं, ते आता आलं. ओट्याच्या खांबाला धरून ती रडली.

रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं. आत जाऊन दोन ताटं आणली. एक घरतच्या पुढं ठेवलं, एक माझ्या. स्वतःच्या हातानं माझ्या ताटात भाकरी घातली.

"बसा," ती म्हणाली. "श्राद्धाचं अन्न हाय. दोघांनी शेजारी बसून खा."

मी घरतच्या शेजारी बसलो.